आधी आतले बांध

कूलरच्या ताट्यांना आज नवा वाळा लावला. त्यावरून पहिलं पाणी ओघळलं आणि मुळांचा तो गार, मातकट वास घरभर पसरला. खामगावचं भर उन्हाळ्याचं ऊन जणू दारापाशीच थबकलं. या वासाबरोबर माझ्याकडे एक जुना उन्हाळा चालत येतो. सगळं जग घरात कोंडून बसलं होतं, तो.

माझी भाची, धाकट्या भावाची मुलगी, तेव्हा चीनमध्ये डॉक्टरकी शिकत होती. सुट्टीला म्हणून आली आणि परतीच्या वाटाच बंद झाल्या. गावी पिंपळगाव राजाला फोनची रेंज धड मिळेना, म्हणून भावाने तिला माझ्याकडे आणून सोडलं. सकाळी ती फोनवर वर्ग ऐकायची आणि दुपारभर पंख्याकडे पाहत पडून राहायची. पेशंटशी बोलण्यापुरती तरी तिथली भाषा यायलाच हवी होती, पण त्या भाषेची पुस्तकं तिने कपाटावर टाकून दिली होती. भाऊ यायचा, चहा पिता पिता हळूच म्हणायचा, "किती दिवस वाट पाह्यची वं बाई? चांगलं स्थळ आलं तं उरकून टाकू." आतल्या खोलीत ती ऐकत असायची. तिचं ते ऐकणं मला भिंतीपलीकडूनही जाणवायचं.

एका दुपारी मीच ती पुस्तकं खाली काढली. म्हटलं, "मले शिकव."

"काऊन आत्या? तुले कुठं जायचं आहे?"

"कुठंच नाही. म्हणून तं वेळ आहे."

ती नाइलाजाने उठली. पहिलं अक्षर तिने शेताचं दिलं. चौकटीत एक आडवी रेघ, एक उभी. अगदी आपल्या वावराचे चार तुकडे वरून पाहावेत तसं. मी झटकन चौकट काढली आणि आत रेघा ओढल्या. तिने मान हलवली. "तसं नाही. आधी डावीकडची बाजू, मग वरची आणि उजवीकडची एका दमात. खालची बाजू उघडी ठेवायची. आधी आतले बांध घालायचे, मग खालची रेघ ओढून शेत बंद करायचं."

"अवं, उघडं ठेवलं तं रोही शिरतीन ना वावरात, उभं पीक खातीन!"

ती हसली. किती तरी आठवड्यांनी त्या घरात कुणी मोकळं हसलं होतं.

मग दुपारी आमच्या झाल्या. खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकत जायचं, कूलर घरघरत राहायचा आणि आम्ही दोघी पाट्यांवर वाकलेल्या असायचो. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. पाण्याचं अक्षर लिहिताना मधली आकडी आधी, मग डावीकडचं पाणी, मग उजवीकडचं. माझा हात चुकला की ती चिडायची, आणि मला शिकवण्यासाठी रात्रीच पुढचा धडा वाचून ठेवायची. भावाने स्थळाचा विषय पुन्हा काढला, तेव्हा तिने स्वतःच बाहेर येऊन सांगितलं, "बाबा, मी जाणार आहे. वाट उघडली का त्याच दिवशी." भावाने बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "बरं."

वाट उघडायला फार वेळ लागला, पण ती गेली. एका संध्याकाळी तिचा फोन आला. वॉर्डात एक म्हातारी होती, घशात नळी, बोलता येईना, हात इतका थरथरे की पेनही धरवेना. तिने भाचीचा तळहात ओढून त्यावर बोट फिरवलं. "आत्या, आकार काही समजेना. पण बोट मधातून खाली आलं, मग डावीकडं गेलं, मग उजवीकडं. मले समजलं, पाणी. कापूस भिजवून तिचे ओठ ओले केले."

आता ती बुलढाण्याच्या एका दवाखान्यात असते. तिथे सगळे वऱ्हाडीत कण्हतात. ती अक्षरं कुणाला लागत नाहीत. मलाही त्या भाषेत कुणाला काही कळवायचं नाही, बऱ्याच अक्षरांचे अर्थसुद्धा पुसट झालेत. तरी दुपारी मी कधी कधी लिहीत बसते. रेघा उलटसुलट ओढल्या तरी अक्षर तसंच दिसेल, पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. पण दिसणारं अक्षर तर छापील पुस्तकातही आहे. तिच्या हातून माझ्या हातात जे आलं, ते कागदावर दिसत नाही; हात चालतो तेवढा वेळच ते असतं. म्हणून मी घाई करत नाही.