दोघांपुरती गाडी

गाडी घ्यायचं ठरलं ते विहिरीवर. वेंगुर्ल्याच्या आमच्या घरात नवरा-बायकोला दिवसाउजेडी दोन वाक्यं बोलायला तेवढी एकच जागा होती. मी कळशी भरत होते आणि हे आंघोळीचं निमित्त काढून रहाटापाशी उभे होते. हे म्हणजे माझा नवरा. आमच्या वेळच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, आणि आता या वयात ती सवय मोडण्याचा मला कंटाळा आहे.

हे बोटीवर इंजिनिअर होते. वर्षातले बहुतेक महिने समुद्रावर जात आणि दोनेक महिने घरी. घरी आले की ते सगळ्यांचे होत. आईचा मुलगा, बहिणींचा भाऊ, शेजाऱ्यांना परदेशी ब्लेडची पाकिटं वाटणारा माणूस. माझ्या वाट्याला यायचे ते ताटात भात वाढण्यापुरते. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती, पदरात एक मुलगी होती, तरी आम्ही दोघांनी मिळून कधी धड समुद्र पाहिला नव्हता. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर होता.

मी सावंतवाडीला मुलींच्या शाळेत शिकवत असे. रोज सकाळी एस.टी., संध्याकाळी एस.टी. बसायला जागा मिळाली तर मांडीवर कोणाचं तरी पोर, नाही मिळाली तर पायाशी माशांची टोपली. त्या वासासकट मी वर्गात शिरायची आणि मुली नाकाला पदर लावून गालात हसायच्या. गाडी हवी याला एवढं कारण पुरे होतं. शिवाय ती चालवायला घरात मीच होते. माझे वडील बांद्याहून सावंतवाडीपर्यंत भाड्याची मोटार चालवत. मला भाऊ नव्हता, म्हणून पाना-पक्कड हातात द्यायला मी, आणि पुढे वडिलांचा गुडघा धरला तेव्हा गाडी शेडमध्ये लावायलाही मी. लग्न ठरताना मुलीला स्वयंपाक येतो का, हे सासरच्यांनी विचारलं होतं. मोटार येते का, हे कोण विचारणार?

नुकताच गोवा मोकळा झाला होता आणि पोर्तुगालला परत निघालेली माणसं आपल्या गाड्या विकून टाकत होती. ही बातमी ह्यांनीच बंदरावरून आणली. दोन दिवसांत त्यांची बोट सुटणार होती. रहाटाची दोरी हातात धरून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "बारकीशीच घे गो. दोघांपुरती बघ. तिसऱ्याक जागा नको."

कळशी केव्हाच भरली होती तरी मी तिथून हलले नाही.

ते निघून गेल्यावर घरात गाडीचा विषय निघाला तो अर्थात शाळेच्या नावाने. सासूबाईंनी नाक मुरडलं. मामंजी मात्र तयार झाले, पण एका अटीवर, की गाडी बघायला ते स्वतः येणार. त्यांनी जन्मभर गलबत हाकलं होतं. कौलं, मीठ, काजू घेऊन मुंबईपर्यंत खेपा केल्या होत्या. डोळ्यांना कमी दिसू लागल्यावर त्यांनी समुद्र सोडला आणि तेव्हापासून ते ओटीवर बसून वाऱ्याची दिशा सांगत. ती कोणाला नको असे. घेण्याची कुठलीही वस्तू त्यांना बोट वाटायची. म्हैस घेताना त्यांनी तिच्या पोटावर बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं होतं, असं सासूबाई सांगत.

बांद्याला माहेरी राहून दुसऱ्या दिवशी आम्ही म्हापशाला गेलो. जुन्या गाड्या विकणाऱ्या दलालाचं मोठं अंगण होतं आणि त्यात फणसाखाली बऱ्याच गाड्या उभ्या होत्या. मला एकच दिसली. कैरीच्या गरासारखा फिकट हिरवा रंग, दोन आसनं, दोन दारं, वर उघडझाप होणारं कापडी छत. स्पोर्ट्स गाडी म्हणतात ती. दलाल कोंकणीत सांगत होता की ही एका अधिकाऱ्याच्या मुलाने हौसेने मागवली होती. मामंजींनी तिच्याभोवती एक फेरी मारली. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, त्यांनाही ती आवडली आहे.

मी चालवून बघते म्हटल्यावर दलालाने मामंजींकडे पाहिलं. मामंजी सरळ शेजारच्या आसनावर जाऊन बसले. ती गाडी इतकी बसकी होती की पाटावर बसल्यासारखं वाटे, रस्ता अगदी हाताशी. गावाबाहेर आलो, उतार लागला, आणि मी ब्रेकवरचा पाय सैल सोडला. वारा असा काही आत शिरला की मामंजींनी डोक्यावरची टोपी काढून मांडीखाली दाबली. त्यांच्या घरात इतकी वर्षं काढली, पण त्यांचं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "शीड भरला, बाय," ते म्हणाले.

परत फिरेपर्यंत मनातल्या मनात मी ती गाडी घेऊन टाकली होती. सकाळी सावंतवाडीची वाट मी एकटी, आणि रजेतले रविवार आम्ही दोघं. कोण म्हणणार होतं, मलापण येऊ दे? म्हटलं तरी बसवणार कुठे? सासूबाईंचा रुसवा नाही, नणंदेचं तोंड वाकडं नाही, कोणाचा अपमान नाही. गाडीच तेवढी. सगळ्या घराला न दुखवता नवऱ्याबरोबर एकटं जाण्याची ती एकच युक्ती होती आणि ती ह्यांनी शोधून काढली होती, याचं मला केवढं कौतुक वाटत होतं.

अंगणात उतरल्यावर मामंजी खाली वाकले. बोटीला बघतात तसं त्यांना गाडीचं खालचं अंग बघायचं होतं. गुडघे टेकून त्यांनी पायाखालचा पत्रा पेराने ठोकत ठोकत नेला. माझ्या आसनाखाली आवाज बदलला. त्यांनी बोट दाबलं आणि ते आरपार गेलं. खारी हवा, दुसरं काय? किनाऱ्यावरच्या कुठल्या गाडीला गंज नसतो?

ते उठले तेव्हा त्यांचा चेहरा निराळाच झाला होता. "हिचो तळ गेलो, बाय," ते म्हणाले.

माझ्या वडिलांनी असे तळ किती वेळा दुरुस्त केले होते. कुजलेला भाग कापायचा, नवा पत्रा जोडायचा, वर डांबर फासायचं, एका दिवसाचं काम. गाडीचा जीव इंजिनात असतो, आणि हिचं इंजिन सुरेख होतं, मी कानांनी ऐकलं होतं. मी म्हटलं, "पत्रो मारून घेतलो तर चलात, मामंजी."

"दादाच्या गलबताक पण असोच तुकडो मारलेलो," ते म्हणाले.

त्यांच्या थोरल्या भावाबद्दल घरात कोणी बोलत नसे. मला माहीत होतं ते इतकंच, की त्यांच्या गलबताच्या तळाची एक फळी कुजली होती, हंगाम संपेपर्यंत चालेल म्हणून तिच्यावर ठिगळ लावलं, आणि गलबत विजयदुर्गाच्या पुढे माणसांसकट गेलं. मामंजी तेव्हा धाकटे म्हणून दुसऱ्या बोटीवर होते. तिन्हीसांजेला ते रोज ओटीवर उभे राहून समुद्राकडे हात जोडत, ते कोणासाठी हे मला त्या अंगणात कळलं.

रस्त्यावर गाडी बुडत नाही, हे त्यांना सांगता आलं असतं. पण तो माणूस गंजाने भरलेल्या बोटाकडे बघत उभा होता आणि मी त्याची सून होते. शिवाय माझं खरं कारण मला उच्चारता येण्यासारखं नव्हतं. मला तुमच्या मुलाबरोबर एकटीला बसायचं आहे, हे सासऱ्याला कुठल्या शब्दांत सांगायचं? "तुमी म्हणशात तसा," मी म्हटलं.

मग त्यांनी बाकीच्या सगळ्या गाड्यांचे तळ ठोकले आणि एक काळी, चार दारांची, ठणठणीत तळाची गाडी पसंत केली. तिचं इंजिन दमेकऱ्यासारखं खोकत होतं. ते मी सांगितलं. यंत्राचं काय, ते मुलगा बघेल, तो इंजिनिअर कशाला झालाय, असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं. दलालाचा आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता.

ती काळी गाडी आमच्या घरी सात वर्षं खोकली. शाळेला जाताना मी एकटी कधीच नसे. मागे कोर्टात तारीख असलेला कोणीतरी, दवाखान्यात निघालेली कोणाची तरी आई, केळीचे घड, आणि पुढे माझ्या शेजारी मामंजी. सुनेला एकटी कशी सोडायची म्हणून ते पहिल्या दिवशी आले आणि मग रोजच येऊ लागले. सावंतवाडीला शाळा सुटेपर्यंत तळ्याच्या काठी बसत, नाहीतर लाकडी खेळणी करणाऱ्यांच्या गप्पा ऐकत. वाटेत मला धोके सांगत. समोरून बैलगाडी आली की ती मला दिसून मागेही पडलेली असे, मग त्यांना दिसे. पण त्यांचा चेहरा फुललेला असायचा. सुकाणू तुझ्याकडे, नजर माझी, असं ते म्हणत, आणि मला त्यांचा राग करता येत नसे. करता आला असता तर बरं झालं असतं.

ती हिरवी गाडी सावंतवाडीच्याच एका कंत्राटदाराने घेतली. तळाला पत्रा मारला, रंग तोच ठेवला. शाळेवरून जायची तेव्हा मी फळ्याशी उभी राहून आवाजावरून ती ओळखायची. कधी कधी त्याची बायको शेजारी बसलेली असे, डोक्यावरून पदर घट्ट ओढून. तिने माझं काही वाकडं केलं नव्हतं, तरी मला तिचा हेवा वाटे, आणि तो मी लपवत नाही.

हे पुढच्या रजेवर आले तेव्हा अंगणातली काळी गाडी त्यांनी चारी बाजूंनी पाहिली. तळ एक नंबर आहे, मामंजी सांगत होते. बरी आहे, हे म्हणाले. दुसऱ्या दिवशी विहिरीवर मला वाटलं की आता रागावतील, निदान विचारतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी रहाट ओढून माझी कळशी भरून दिली आणि आत गेले. ते भांडले असते तर मला आवडलं असतं.

मग रजेतले रविवार सुरू झाले. शिरोडा, रेडी, एकदा मालवण. पुढे मामंजी, मागे सासूबाई, नणंद, आमची मुलगी, नंतर झालेला मुलगा, जेवणाचे डबे, आणि खिडकीशी अंग चोरून हे. वडील पुढे बसणार, यात कोणाला काही विचारायचंच नव्हतं. मी आरसा थोडा तिरका करून ठेवायची, म्हणजे मागचा रस्ता दिसण्याऐवजी ह्यांचा चेहरा दिसायचा. कधी तेही बघायचे. मग वाटेतल्या एखाद्या चढणीवर गाडी खोकायला लागायची आणि हे उतरून वाटेवरच्या माणसांबरोबर ती ढकलायचे. आमच्या संसारातला एकांत तो असा, वीतभर आरशात.

मामंजी गेले ते एका पावसाळ्यात, झोपेतच. हे तेव्हा कुठल्याशा आफ्रिकेच्या बंदरात होते. त्यांना कळलं तेव्हा दिवसकार्यही उरकलेलं होतं. रजेवर आले ते मार्गशीर्षात. घरात पाऊल टाकल्यावर ते आईजवळ बसले, पण ओटीवर बसले नाहीत. रडलेही नाहीत. मला वाटलं, समुद्रावर रडून झालं असेल.

त्या रजेतला पहिला रविवार आला. मुलं बांद्याला आजोळी गेली होती, नणंदेचं लग्न होऊन गेलं होतं. सासूबाईंनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं की तुम्ही दोघं शिरोड्याला जाऊन या, मला आता कुठे यायचं नाही. हे शब्द मी इतकी वर्षं मनात घोळवले होते, पण असे, पांढऱ्या कपाळाच्या बाईकडून, नको होते. तरी मी केसांत अबोलीचा वळेसर माळला.

मी स्टिअरिंगपाशी बसले. हे बाहेर आले, मागचं दार उघडलं आणि नेहमीच्या जागी, खिडकीशी, अंग चोरून बसले. शेजारी अख्खं आसन मोकळं होतं. सवयीने बसले असतील, आत्ता ध्यानात येईल आणि हसतील, म्हणून मी थांबले. ते वाट बघत राहिले, गाडी का निघत नाही म्हणून.

"पुढे येवा की," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या शेजारच्या आसनाकडे पाहिलं.

"थंय बाबा बसतत," ते म्हणाले, आणि घरी आल्यापासून न रडलेला तो माणूस मागच्या आसनावर रडू लागला.

मला मागे जाऊन त्यांच्याजवळ बसता आलं असतं, पण सासूबाई ओटीवरून बघत होत्या. मी गाडी सुरू केली आणि शिरोड्याचा रस्ता धरला.