नळाच्या दिवशीचा खून

गुलमंडीत आमचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस. बाई साडी पुढं टाकते, मी एकदा बघते आणि मागं न वळता हात वर करून बरोबर रंगाचा तागा काढते. तीस वर्षं हेच केलं. एक्कावन्नाव्या वर्षी माझी पहिली कादंबरी छापून आली तेव्हा नात्यातल्या एकीनं तोंडावर विचारलं, "तू हे लिहीत बसलीस तर दुकान कोण बघत होतं?" दुकान मीच बघत होते. कादंबरीही तिथंच, काउंटरमागच्या स्टुलावर बसून लिहिली.

फक्त नळाच्या दिवशी एक ओळ लिहिली नाही. आमच्या संभाजीनगरात नळ रोज येत नाहीत, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आठवड्यातनं एकदा, कधी त्याहून उशिरा. वेळ कळवलेली असते, पण नळ त्या वेळेला येतीलच असं नाही. त्या दिवशी घरातलं झाडून सगळं माणूस कामाला लागतं. मोटर, पाइप, गच्चीवरची टाकी, खालचा हौद, ड्रम, बादल्या आणि शेवटी तांबे-पेलेसुद्धा. माझ्या कादंबरीतल्या खुन्याला मी कितीदा तरी भिंतीवर चढलेला तसाच सोडून गच्चीवर पळाले आहे. याचा मला लई राग यायचा. पण रागानं टाकी भरत नाही.

कादंबरी आमच्याच दुकानामागच्या गल्लीत घडते, निजामाच्या काळात. एक मुन्शी भरदिवसा आपल्या घरात मरून पडलेला सापडतो. गल्लीला एकच तोंड, तोंडाशी दिवसभर माणसांची बैठक, आणि कुणीही परका माणूस आत जाताना पाहिलेला नाही. मग खुनी आला कुठून?

याचं उत्तर मला डोंगराखाली मिळालं होतं. रविवारी सकाळी शहरातली जुनी ठिकाणं बघत हिंडणारी एक मंडळी आहे, त्यांच्यासोबत मी गेले होते. डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणणारी जुनी नहर आपल्याकडं आहे. तिच्या एका उघड्या तोंडातून आम्ही शिडीनं आत उतरलो. खाली वाकून चालता येईल असा बोगदा होता आणि घोट्याएवढं गार पाणी. तिथं उभी असतानाच मला माझा खुनी दिसला. तो गावाबाहेर नहरीत उतरतो, अंधारात चालत शहराच्या भिंतीखालून आत येतो आणि मुन्शीच्या अंगणातल्या हौदातून वर निघतो. मी इतकी खूश झाले की परत येताना रिक्षात मंडळींचं एकही वाक्य मला ऐकू आलं नाही.

शहरातल्याच एका वयस्क प्रकाशकांनी हस्तलिखित घेतलं. छापायचं ठरलं, प्रुफं आली. ती मी दुकानात तपासत बसले होते. सर्वांत वरच्या कागदावर मी स्वतः काढलेला नहरीचा नकाशा होता, त्यात खुन्याची वाट लाल पेनानं आखलेली.

त्या दुपारी लाईनमन काका आले. पाणीपुरवठ्यात सगळी नोकरी करून ते निवृत्त झालेले. आमच्या भागाचा नळ सोडायची चावी तीस वर्षं त्यांच्या हातात होती, त्यामुळं त्यांना ओळखत नाही असं घर नाही. सुनेच्या साडीवर ब्लाउजपीस बघायला तिला घेऊन आले होते.

"जयभीम, ताई."

"जयभीम, काका. बसा."

सून रंग बघत होती, तोवर काकांची नजर नकाशावर गेली. त्यांनी लाल रेघेवर बोट ठेवलं. "ह्यातनं कोण येतंय?"

"खुनी," मी म्हणाले. "कादंबरी आहे माझी."

"आन् कुठवर येतो?"

"इथं. आपल्या मागच्या गल्लीत."

काका हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी साधारण पेल्याहून थोडा मोठा गोल करून दाखवला. "नाय येत, ताई. बोगदा भिंतीच्या बाहेर हाय. गावात पाणी फिरवलंय ते खापराच्या नळातनं. एवढाल्या. मांजर येईल त्यातनं, आन् ती पण पोट भरलेली नको."

मला झोंबलं. "काका, मी स्वतः उतरले होते."

"कुठं?"

"डोंगराखाली."

"मग खरंच हाय तुमचं. तिथं मी बी उभा राहिलोय. पण तुम्ही डोंगराखाली उतरल्या आन् गुलमंडीत निघाल्या. मधलं कुणी बघितलं?"

मी सुनेला तागा दाखवत राहिले. रंग चुकीचा काढला होता. तिनंच तो परत केला.

मागच्या गल्लीत तेव्हा ड्रेनेजसाठी रस्ता खणलेला होता. संध्याकाळी काका मला तिथं घेऊन गेले. खड्ड्याच्या कडेला मातीत एक जुना खापरी नळ अर्धा बाहेर आला होता. मी पदर खोचून खड्ड्यात उतरले आणि आत हात घातला. कोपरापर्यंत गेला आणि बांगड्या अडकल्या. वर दोन-तीन दुकानदार उभे राहून बघत होते. "मॅचिंगवाल्या ताई काय शोधतायत?" एकानं विचारलं. खुनी शोधतेय म्हणून कसं सांगणार? ज्या गल्लीत माझा जन्म गेला, तिच्या फरशीखाली काय आहे ते मला माहीत नव्हतं, आणि मी तिच्यावर तीनशे पानं लिहून बसले होते. लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकांकडं गेले आणि शेवटचं प्रकरण परत मागितलं. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "अहो बाई, कादंबरी आहे ही. फूटपट्टी घेऊन नळ मोजायला कोण जाणार आहे?"

"गुलमंडीतला माणूस जाईल," मी म्हणाले. "मी गल्लीचं खरं नाव लिहिलंय, शहराचा दरवाजा खरा आहे, हौद खरा आहे. मग खुनी तेवढा खोटा कसा चालेल?"

"मग यंदा पुस्तक येत नाही. नंतर येईल की नाही, ते आज मी सांगत नाही. विचार करा."

मी विचार केला नाही, प्रुफं उचलली. घरी आले, दार लावून रडले, मग उठून भाकऱ्या केल्या. नवरा जेवताना म्हणाला, "अगं, एक प्रकरण तर आहे."

"अहो, तेच तर प्रकरण आहे."

त्यानंतर अडीच महिने मी त्या मुन्शीच्या घराभोवती नुसत्या चकरा मारल्या. खुन्याला छपरावरून आणलं, तर गल्लीतली घरं इतकी खेटून की कुणीतरी बघणारच. बुरख्यात आणलं, तर ती युक्ती मलाच पटेना. विहिरीतून आणलं, तर तिथंही मधलं कुणी बघितलेलं नव्हतं. दुकानात मी गिऱ्हाइकांवर खेकसायला लागले. पुस्तक सोडून द्यावं असं मनात आलं नाही असं नाही. एकदा आलं. पण मग ते काका दिसले की काय तोंड दाखवायचं? त्यापेक्षा लिहिणं सोपं होतं.

आणि मग एका नळाच्या दिवशी माझी नणंद सोयगावहून न कळवता आली.

मी गच्चीवर टाकीत पाइप धरून उभी. नवरा मोटरपाशी. सासूबाई मोरीत ड्रमवर नजर ठेवून. शेजारी, समोर, वर, खाली सगळीकडं तीच गडबड. टाकी भरल्यावर मी ओल्या साडीनं खाली आले, तर नणंदबाई स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा पीत होत्या. बॅग कोपऱ्यात. चहाबरोबर आमच्या डब्यातली खारी.

"कधी आलात?" मी विचारलं.

"अर्धा तास झाला असंल," ती म्हणाली. "दार सताड उघडं. भाऊ समोर उभा, त्याच्या अंगावरनं आत आले. आईच्या पाठीमागनं साखरेचा डबा घेतला. एकानं विचारलं नाय कोण म्हणून. मी होते बाई, म्हणून बरं. दुसरं कुणी असतं तर कपाट रिकामं करून, वर चहा पिऊन गेलं असतं."

मी तिच्याकडं बघतच राहिले. ती म्हणाली, "वहिनी, थंडी वाजतीय का?" मी तशीच ओल्या साडीनं खाली बसले आणि कॅलेंडरच्या मागं लिहायला लागले.

माझ्या खुन्याला नहरीतून यायची गरजच नव्हती. तो गल्लीच्या तोंडानंच येतो, भरदिवसा, पायी. गावाच्या वरच्या अंगाला तो खापरी नळात गोणपाटाचा बोळा कोंबतो. तीन दिवस गल्लीच्या बंद टोकाचा सगळ्यांचा हौद कोरडा, मुन्शीच्या अंगणातलाही. चौथ्या दिवशी तो बोळा काढतो आणि पाण्याच्या मागोमाग चालत येतो. बैठकीतली सगळी माणसं हौदाकडं धावलेली. दारं उघडी. मुन्शीच्या घरातला नोकरसुद्धा मडकं घेऊन पळालेला. खुनी आत जातो, बाहेर येतो, आणि सगळी गल्ली शपथेवर सांगते की आम्ही तर दिवसभर इथंच होतो.

हे मी आधी लाईनमन काकांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "गोणपाट चालंल," ते म्हणाले. मग म्हणाले, "तीस साल मी चावी फिरवून त्याच गल्लीतनं चालत जायचो, ताई. पाणी येईपर्यंत सगळे मला शिव्या द्यायचे. पाणी आलं की एक माणूस माझ्याकडं बघायचा नाय."

प्रकाशकांनी नवं प्रकरण माझ्यासमोरच वाचलं, चष्मा काढून पुसला आणि "छापू" म्हणाले.

पुस्तक आलं. आमच्याच भागातल्या वाचनालयानं चर्चा ठेवली. चाळीसेक माणसं, त्यातली बरीचशी आसपासचीच. शेवटच्या रांगेत लाईनमन काका, धुतलेल्या पांढऱ्या शर्टात. पहिल्या रांगेत इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक, ज्यांच्या शब्दाला शहरात मान आहे. त्यांनी माइक हातात घेतला. त्यांच्या प्रतीवर मला पेन्सिलीच्या खुणा दिसत होत्या.

"वास्तूंचं वर्णन चोख आहे," ते म्हणाले. "पण रहस्याचा उलगडा मला पटला नाही. पाणी आलं म्हणून चाळीस-पन्नास माणसं एकाच वेळी आंधळी होतात? घरदार उघडं टाकून जातात? माणसं इतकी बेसावध नसतात, बाई. एवढ्या चांगल्या कादंबरीचा शेवट तुम्ही सोयीचा केलात."

लोकांनी माना डोलावल्या. मी नळ, हौद, गल्ली असं काहीतरी बोलले, नणंदेचं सांगायला गेले, पण घरगुती विनोद झाल्यासारखे सगळे हसले आणि प्राध्यापकही प्रेमानं हसले. ते हसणं मला फार लागलं. ज्या शेवटासाठी मी छापायला गेलेलं पुस्तक परत आणलं, तोच शेवट माझ्या गावातली माणसं माझ्या तोंडावर खोटा ठरवत होती. एकदा प्राध्यापक बाहेर पडले असते, तर शहरभर हेच पसरलं असतं.

इतक्यात दुसऱ्या रांगेतल्या बाईंचा फोन वाजला. मग त्यांच्या शेजारणीचा. मग मागं कुणाचा तरी. भागाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, आणि एक दबलेला आवाज आला, "नळ आले."

नळ उद्या यायचे होते. आज कुणाचीच तयारी नव्हती. खुर्च्या सरकल्या. कुणी "आलेच हं" म्हणालं, कुणी तेही नाही. आभार मानणारे गृहस्थ आभार न मानता गेले. प्राध्यापकांच्या खिशात फोन थरथरला, त्यांनी तो बघितला, हातातला माइक रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि निघाले. त्यांची कापडी पिशवी, चष्म्याचं घर आणि माझी कादंबरी खुर्चीवर तशीच राहिली.

शेवटच्या रांगेत लाईनमन काका बसूनच होते. बाकी हॉलमध्ये पाच-सहा जण उरले, तेही फोनवर घरच्यांना मोटर कुठल्या बटणानं चालू होते ते सांगत. मी मंचावरून उतरले, पहिल्या रांगेत गेले, प्राध्यापकांची पिशवी उचलली, चष्म्याचं घर आणि पुस्तक तिच्यात घातलं आणि परत येऊन माझ्या टेबलाखाली ठेवून दिली.

माझाही फोन वाजला. "अगं, नळ आले," नवरा म्हणाला. "गच्चीवरचा पाइप कुठंय?"

"जिन्याखाली."

"तू निघालीस ना?"

आजवर या प्रश्नाला मी कधी नाही म्हटलेलं नव्हतं. "नाही," मी म्हणाले. "पाइप तुम्ही धरा."

पाऊण तासानं माणसं परत यायला लागली. कुणाची सलवार गुडघ्यापर्यंत ओली, कुणाच्या हाताला ड्रमचा गंज. प्राध्यापक आले ते पॅन्ट दुमडलेली तशीच. त्यांनी खुर्ची बघितली, खुर्चीखाली बघितलं. "माझी पिशवी?"

"इथं आहे," मी टेबलाखालून काढून दिली. "मीच उचलली. इथं पाच-सहा माणसं होती. कुणी पाहिलं का, विचारा."

त्यांनी खरंच विचारलं, एकेकाला. कुणीही पाहिलं नव्हतं. लाईनमन काका छताच्या पंख्याकडं बघत होते.

प्राध्यापक पिशवी मांडीवर घेऊन बसले. दुमडलेली पॅन्ट त्यांनी हळूच खाली सोडली. मग म्हणाले, "शेवटचं प्रकरण वाचा, बाई. पहिल्यापासून."

मी पान काढलं, आणि फोन पुन्हा वाजला. घरचाच. टाकी भरून वाहत असणार. मी फोन बंद केला आणि वाचायला लागले.