लाल दोऱ्याची सुई

तिला सगळे टाचणीमावशी म्हणत. ओठांत टाचण्या धरून बोलायची तिला इतकी सवय, की टाचण्या नसल्या तर तिचं बोलणं कळत नाही, असं शेजारीपाजारी चेष्टेने म्हणायचे. कपडे दुरुस्तीच्या दुकानात ती दिवसभर पँटी आखूड करायची, चेनी बदलायची, लोकांच्या सुटलेल्या पोटांपायी कमरा सैल करून द्यायची. आणि कोणाचं पोट किती सुटलंय याबद्दल बाहेर चकार शब्द काढायची नाही. घरी येईपर्यंत पायांचे तुकडे पडलेले असत.

तरी नाताळ आला की बाईच्या अंगात यायचं. उरल्यासुरल्या कापडाच्या लहान पिशव्या शिवायच्या, तोंडाला नाडी शिवायची आणि आत घरी भाजलेली चांदणीच्या आकाराची बिस्किटं भरायची. नात्यातल्या प्रत्येकाला एक पिशवी. घरात टेबल मात्र एकच. एका टोकाला शिलाई मशीन, दुसऱ्या टोकाला पिठाची परात. म्हणून तिचा कडक नियम होता : पिठाला हात लावण्याआधी सगळ्या सुया टाचण्यांच्या छोट्या उशीत खोचलेल्या हव्यात.

"आई, यंदा विकतचं आणू या ना," लेक फोनवर म्हणाली होती. "किती थकतेस तू!"

"मी मेल्यावर आणा विकतचं," म्हणून मावशीने फोन आपटला. खरं तर तिलाही थांबायचं होतं. डोळे साथ देत नव्हते, बोटं आखडत होती. पण लेकीच्या घरी रिकाम्या हातांनी जायचं आणि नुसतं सोफ्यावर बसून राहायचं, या विचारानेच तिला कसंतरी व्हायचं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी बिस्किटं भाजून झाली, गार झाली. एकाच पिशवीची नाडी तेवढी शिवायची राहिली होती. मावशीने सुईसाठी उशीकडे हात नेला. लाल दोरा ओवलेली सुई उशीत नव्हती.

सकाळी नाडी शिवता शिवता ओव्हन तापला म्हणून ती घाईघाईने उठली होती, एप्रन चढवला होता आणि तडक पीठ मळायला घेतलं होतं. सुई कुठे ठेवली, काही केल्या आठवेना. टेबल झाडलं, फरशीवर लोहचुंबक फिरवलं, एप्रनचे खिसे उलटे केले, कचऱ्याची बादलीसुद्धा पालथी घातली. सुईचा पत्ता नाही.

मग ती बिस्किटांच्या ताटाकडे बघत बसली. नातीला नुकते दात आले होते. जे हाताला लागेल ते थेट तोंडात घालायची पोर.

मावशीने पहिलं बिस्किट उचललं आणि मोडलं. मग दुसरं. चांदणीची टोकं मोडायची, मधला भाग चुरायचा, चुऱ्यातून बोट फिरवायचं. सकाळपासूनची मेहनत ती स्वतःच्या हातांनी मोडत होती आणि रडायचंही त्राण उरलं नव्हतं. सुई सापडावी असं वाटत होतं, सापडू नये असंही वाटत होतं. सगळं ताट चुरून झालं. सुई नव्हतीच.

तेवढ्यात लेक तिला न्यायला आली. दारातूनच तिने तो ढीग पाहिला. "अगं आई, हे काय?"

मावशीने सांगितलं. आता ही 'तरी मी म्हणत होते' म्हणणार, म्हणून तिने मान खाली घातली आणि एप्रन सोडला. आत, स्वेटरच्या डाव्या बाजूला, छातीपाशी लाल दोरा लोंबत होता. सुई तिथेच होती. शिवताना उठावं लागलं की मावशीचा हात आयुष्यभर सुई तिथेच खोचत आला होता.

"मला आता खरंच जमत नाही गं," मावशी म्हणाली. एवढं बोलली आणि तिचा बांध फुटला.

लेकीने समजूत घातली नाही. आईच्या स्वेटरमधली सुई हलकेच काढून घेतली, खुर्ची ओढली, राहिलेली पिशवी मांडीवर घेतली. "चुरा दुधात छान लागतो," ती म्हणाली. "तू भर पिशव्या. पुढच्या वर्षी ओव्हन माझ्याकडे, सुया तुझ्याकडे."

"तू जाळशील सगळी."

"मग येऊन ओरड माझ्यावर. नुसती बसू नकोस."

मावशी डोळे पुसून चुरा भरायला लागली. लेकीने शेवटचा टाका घातला, दोरा दाताने तोडला, नाडी ओढून पाहिली. मग पिशवी आईपुढे धरायला उठताना तिने सुई न बघताच आपल्या स्वेटरवर, डाव्या बाजूला खोचली.

मावशीचे हात थांबले.

"तिथे नको गं बाळा," ती म्हणाली. "उशीत खोच."