माझंच नाव लिही

अकोल्याच्या मोजणी कचेरीत मी साखळी ओढायला होतो. घर पार रत्नागिरीकडे, शाळा सहावीतच सुटलेली. नोकरी गेली तर जायचं कुठे, ही धास्ती कायमची. राहायला कापसाच्या जिनिंगमागे नाल्याकाठची वस्ती. तिथल्या एका मावशीनं मला पडवी दिली. पहिल्या दिवशी तिनं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. "जेवला का रे?" एवढंच विचारलं. ते मी अजून विसरलेलो नाही.

शहराचा नवा नकाशा होत होता. एका दुपारी तो टेबलावर पसरलेला पाहिला. जिनिंग होतं, नाला होता, नाल्यावरचा पूलही होता. आमच्या वस्तीच्या जागी मात्र कोरा कागद, आणि त्यावर शब्द 'पडीत'. पडीत जागा मोकळी करायला कुणाला विचारावं लागत नाही. तिथली साखळी मीच धरली होती. मोजणीदार म्हणाले, "आत जायचं काम नाही," आणि मी स्वतःच्या दारावरून साखळी पुढे नेली होती.

मावशीला सांगितलं तेव्हा वाटलं, आता पडवी गेली. ती म्हणाली, "मोजता येते न तुले? मंग आमाले शिकव."

विहिरीचा जुना दोर घेतला, दर तीन फुटांवर चिंधी बांधली. रविवारी पुरुष झोपलेले किंवा जिनिंगच्या पाळीवर, म्हणून आल्या बायकाच. दोर ताणायला त्या माझ्याआधी शिकल्या म्हटलं तरी चालेल. "वहिनी, पोट आत घ्या, दोर वाकडा होते!" असली थट्टा चालायची. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

"हे घर कुणाचं?" मी पेन्सिल घेऊन विचारलं.

बाई पदर दातात धरून हसली. नवऱ्याचं नाव ती घेणार कशी? शेजारणीला विचारलं, तर तो तिचा भासरा, थोरला दीर, तीही गप्प. संध्याकाळपर्यंत अकरा घरं मोजली आणि नाव एकाचंही नाही. मी आपलं 'निंबापाशी', 'मोडक्या रांजणापाशी' असं लिहीत गेलो. मावशीनं कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि भडकली.

"रांजण राहाते का त्या घरात? भिंत कोनं लिंपली? मी. दर साली सारवते कोन? मी. मंग माहं लिही!"

मग सगळ्यांनी आपापलं लिहवलं. चौकोन माझे, नावं त्यांची.

तो कागद घेऊन मावशी कचेरीत गेली. तीन दिवसांनी कचेरीचे साहेब पडताळणीला आले. साखळीच्या टोकाला मी. साहेबांनी पहिलं नाव वाचलं. दारातून मावशी म्हणाली, "हाये."

"मालकाचं नाव सांगा."

"ते मी घेत नाही. अन् तुमच्या नकाशात तं आमी कोनीच नव्हतो साहेब, मंग मालक कुठून सापडन?"

पुढची दारं उघडत गेली. "हाये." "मीबी हाये." साहेबांनी दोन घरं साखळीनं तपासली, दोरीचं माप बरोबर निघालं. तेव्हा त्यांनी कागद हलवत विचारलं, "हे कुणी शिकवलं?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मावशी पुढे झाली, "आमचं आमीच..."

"मी," मी म्हणालो. साखळीचं टोक खाली ठेवलं. "कचेरीनं सोडलं होतं, ते मी मोजून दिलं."

त्याच आठवड्यात मला कामावरून कमी केलं. अमरावतीला एका वखारीत लागलो. पडीत हा शब्द मात्र त्या नकाशातून गेला. नकाशासोबतच्या नोंदवहीत वहिवाटीच्या रकान्यात बायकांची नावं चढली, कारण त्यांच्या जागी घालायला दुसरी नावंच कुणी दिली नाहीत. अकोल्याहून निघताना मावशीनं भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, "तुही पडवी बी त्या कागदात हाये, पाह्य. मी मोजून घेतली."