नवरदेव येईपर्यंत स्टँडबाय

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करतो. भाजी घेताना मी भाजीकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघतो. एखाद्या दिवशी दूध घट्ट आलं, तर गवळ्याने आज असं का केलं, या विचाराने मला चैन पडत नाही. त्यामुळे माझ्या गिटारच्या ॲम्प्लिफायरचा आवाज बसला तेव्हा मी पहिला संशय चाचांवर घेतला.

चाचा म्हणजे यवतमाळातले आमचे जुने रेडिओ मिस्त्री. दिवसा मी शाळेत गणित शिकवतो आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. माझा ॲम्प्लिफायर व्हॉल्वचा. नागपूरच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आणलेला. त्याला दोन बटणं. पहिलं दाबलं की आतले चार व्हॉल्व, म्हणजे बल्बसारख्या काचेच्या नळ्या, तापू लागतात. दुसरं स्टँडबायचं, ते दाबलं की मगच आवाज येतो. असल्या सेटला हात लावणारा जिल्ह्यात मला तरी दुसरा माणूस माहीत नाही. वीस वर्षं सेट चाचांच्याच हातात होता. एकदा ऐन सराईत ट्रान्सफॉर्मर जळाला, तर त्यांनी दुकानातल्या स्वतःच्या रेडिओचा काढून मला बसवून दिला होता. असा माणूस गमावायची वेळ मी माझ्या हाताने आणली.

चार वर्षांपूर्वी सराईआधी सेट त्यांच्याकडून साफ करून आणला होता. सराई निम्मी झाली तोवर आवाज दबला. बाभुळगावच्या लग्नात आमचा गायक म्हणाला, की आज गिटार पोत्यात घालून वाजवताय का. मी गणित मांडलं. चाचांकडे जाण्याआधी आवाज ठीक, नंतर खराब. म्हणजे माझ्या जुन्या परदेशी व्हॉल्वपैकी एकदोन काढून त्यांनी भलतेच बसवले. मोबाइलवर वाचलंही, की मोठ्या शहरांत शौकीन लोक असे व्हॉल्व शोधत असतात. मग तर मला सगळंच आठवू लागलं. चाचा व्हॉल्व उजेडात धरून किती वेळ बघत बसतात! दुसऱ्याच्या मालाकडे माणूस उगाच असं बघेल का?

बायको म्हणाली, "चोर सोडून संन्याशाले फाशी देऊन राह्यले तुम्ही."

मी ऐकलं नाही. एकदा पचलं की माणूस दुसऱ्यांदा हात मारतोच, असा माझा हिशेब. तिचीच नेलपॉलिशची बाटली घेतली, चारही व्हॉल्वच्या बुडाशी एकेक लाल ठिपका दिला आणि सेट दुकानात नेऊन ठेवला. आवाज कमी येतो, एवढंच सांगितलं.

चार दिवसांनी बोलावणं आलं. गेलो तर टेबलावर फडकं अंथरून माझे चारही व्हॉल्व ओळीने उलटे मांडलेले. लाल ठिपके वर. माझे कान तापले. त्यांनी सेटमध्ये आपल्याकडचे व्हॉल्व बसवले होते. तार छेडली तर दुकानाचं शटर थरथरलं.

मग त्यांनी विचारलं, की लग्नात मी सेट चालू करतो कधी. मी सरळ सांगितलं. मुहूर्त अकराचा असतो, आणि नवरदेव वरातीत नाचत नाचत दीड-दोनला पोचतो. त्याने दारात पाय ठेवला की त्याच क्षणी गाणं सुरू व्हायला हवं. आदल्या साली एकदा नवरदेव दारात आला आणि माझे व्हॉल्व तापायचेच होते. मुलीच्या वडिलांनी सगळ्यांसमोर सुनावलं. तेव्हापासून मी साडेदहालाच सेट चालू करून स्टँडबायवर ठेवतो. काम नाही, म्हणजे सेटला आरामच.

"आराम नाही सर, मरण हाये ते," चाचा म्हणाले. "व्हॉल तापवून ठेवला अन् काम घेतलं नाही, तं आतून खराब होते. चुलीवर कोरा तवा तीन तीन घंटे ठेवान का? दोन-तीन मिनटं ठेवा, बस. जास्त थांबाचं असन तं पहिलं बटनच बंद करा. वरातीचे फटाके जवळ आले, का लावा."

म्हणजे चोर मीच. मला माफी मागायची होती. चाचांनी जुने व्हॉल्व एकेक करून कागदात गुंडाळले आणि माझ्यापुढे धरले.

"चारी तुमचेच हायेत, सर. निशाण पाहून घ्या."

आता सेट झकास वाजतो. मीही फटाके ऐकूनच बटण दाबतो. वर्षातून एकदा सफाईला मी अजून चाचांकडेच जातो. बाकीची गिऱ्हाइकं रेडिओ, मिक्सर ठेवून निघून जातात. मी निघू लागलो की चाचा स्टूल पुसून पुढे सरकवतात. "बसा सर, तुमच्यासमोरच खोलतो," म्हणतात. आवाजात राग नसतो, आणि तेच मला सोसत नाही. याची काही गरज नाही, असं म्हणायचं मी दरवेळी ठरवून जातो. मग बसतो. ते व्हॉल्व काढतात, माझ्या तळहातावर ठेवतात, आणि बसवायची वेळ आली की माझ्याकडून मागून घेतात.