झिपला हात लावायचा नाही

पुण्यात बालवाडीत शिकवताना पोरांच्या शेंबडापासून बाराखडीपर्यंत सगळं निस्तरलं, आणि जर्मनीत आल्यावर मला ऐकवलं गेलं की मुलं सांभाळायला तुम्हाला अजून शिकावं लागेल. माझी पदवी अर्धीच धरली. उरलेल्या अर्ध्यासाठी डार्मश्टाटला कॉलेज, लेखी पेपर, तोंडी परीक्षा, प्रथमोपचाराचा कोर्स, गोवराची लस घेतल्याचा पुरावा, आणि वर किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, प्रत्यक्ष काम. चाळिशीत दप्तर पाठीला लावलं. नवरा म्हणाला, "होईल गं." त्याला काय जातंय म्हणायला, त्याची इंजिनिअरिंगची डिग्री इथे कुणी उलटून पाहिली नाही.

बाकी सगळं निघालं. अडलं ते शेवटच्या प्रात्यक्षिकाला. परीक्षक बाई कोपऱ्यात बसून बघत होत्या. मुलांना घेऊन बागेत पानं गोळा करायची होती. मुलं जॅकेटं चढवायला लागली आणि एका चिमुरडीची झिप काही लागेना. मी खाली बसले, झिप लावली, टोपी कानांवर ओढली, नाक पुसलं. शेजारच्या दोघांच्या बुटांच्या नाड्याही बांधून टाकल्या. यात विचार करण्यासारखं काय होतं? पोर समोर धडपडतंय म्हटल्यावर आपला हात पुढे जातोच.

नापास. बाई शांतपणे म्हणाल्या, "मूल जे स्वतः करू शकतं, ते तुम्ही त्याला करू दिलं नाहीत." परीक्षेला आणखी एकदाच बसता येणार होतं. तेही गेलं, की सर्टिफिकेट नाही, किटात कायमची मदतनीस, आणि एवढ्या वर्षांची उरस्फोड पाण्यात.

सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. "अहो आई, पोरीची झिप लावली म्हणून नापास झाले मी," मी सांगितलं.

भाजी निवडता निवडता त्या थांबल्या. "म्हणजे लेकराला कुडकुडू द्यायचं?"

"हो. तेच शिकायचंय."

"शिक बाई," म्हणाल्या, आणि माझ्या पहिलीतल्या लेकीला घास भरवायला उठल्या.

दुसऱ्या वेळी हात मांड्यांखाली दाबूनच बाकावर बसले. तीच चिमुरडी, तीच झिप. "लावून दे ना," ती म्हणाली. कॉलेजात घोटून घेतलेलं वाक्य मी म्हटलं, "तू करून बघ, मी इथेच आहे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा जीव नुसता तुटत होता. कोपऱ्यात बाई लिहीत होत्या. बऱ्याच वेळाने झिप वर सरकली आणि पोरगी माझ्याकडे न बघता बागेत पळाली.

"गेनाऊ," बाई म्हणाल्या. म्हणजे, अगदी असंच. मी पास झाले.

घरी आले तेव्हा पेढ्यांचा विचार करायचंही त्राण नव्हतं. चपला काढून दारातच स्टुलावर टेकले. लेक खेळायला निघाली होती. एरवी ती जर्मनमध्येच उत्तरं देते, लाडात आली की मराठी. उघडं जॅकेट घेऊन समोर उभी राहिली. "आई, लाव ना गं."

माझे हात हललेच नाहीत. "तू करून बघ," मी म्हटलं, "मी इथेच आहे."

ती तशीच आजीकडे गेली. सासूबाईंनी झिप लावली. पुढे त्या पुण्याला परत गेल्या, तेव्हापासून ती स्वतःच लावते. माझ्याकडे काही ती पुन्हा आली नाही.