वर्गभर एकच शेरा

शाळेत ते शिकवायचं सॉफ्टवेअर आलं आणि आमच्या बिरवाडीच्या स्टाफरूममध्ये किश्श्यांचा ढीग लागला. त्यात एक सोय आहे. प्रश्न, चित्रं, प्रगतिपत्रकावरचे शेरे, काहीही असो, संच करून साठवायचा आणि हवा तेव्हा परत वापरायचा. आळशी माणसाला आणखी काय हवं! दुसऱ्यांचे किस्से मी मीठमसाला लावून सांगतो. स्वतःचा मात्र आजवर गिळून बसलो होतो.

*

गणिताचे गायकवाड सर संचांना नावं देण्यात कच्चे. पहिला 'नवीन', दुसरा 'नवीन नवीन', तिसरा 'खरंच नवीन'. एका संचात उत्तरं चुकली होती, म्हणून त्याला नाव दिलं 'हा वापरू नये'.

सहामाहीला नेमका तोच गेला! अख्खी आठवी नापास. हेडबाईंनी विचारलं तर म्हणाले, "मॅडम, तेवढं एकच नाव ओळखीचं वाटलं!"

*

भूगोलाच्या सकपाळ मॅडमनी किनाऱ्यावरच्या शाळेतल्या मैत्रिणीचा तयार संच उचलला. पहिलाच प्रश्न होता, 'तुमच्या गावातून दिसणाऱ्या समुद्राचे वर्णन करा.'

माझ्या वर्गातली वैष्णवी उठली. ही मूळची पोलादपूरच्या डोंगरावरच्या कुडपणची. आई गावी शेती बघते, वडील एमआयडीसीत कामाला, म्हणून बापलेक इथे खोली घेऊन राहतात. पोरगी वर्गात सगळ्यांत बडबडी.

"मॅडम, आमच्या गावातनं समुद्र नाय दिसत. पावसात ढग खाली दिसतात. ते लिवू?"

मॅडमनी हे स्टाफरूममध्ये येऊन सांगितलं, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं हसलो मी!

*

आता माझं. काही वर्षांपूर्वी एका अबोल मुलासाठी मी मनापासून शेरा लिहिला होता. 'तुमचं मूल हुशार आहे, पण मनातलं बोलत नाही. रोज अर्धा तास नुसतं त्याच्याजवळ बसा.' इतका आवडला की साठवून ठेवला. यंदा प्रगतिपत्रकांची घाई होती. 'सर्व विद्यार्थी' वर टिचकी मारली आणि चहाला गेलो.

पुढच्या मीटिंगमध्ये हेडबाई म्हणाल्या, "शेरे कसे लिहावेत ते सरांकडून शिका. एकेका मुलाचा विचार केलाय!" त्यांनी बहुतेक एकच पत्रक पाहिलं असावं. टाळ्या वाजल्या. आणि मी निर्लज्जासारखे हात जोडले.

*

आठवड्याभरानं वैष्णवीचे वडील शाळेत आले. कारखान्याचा गणवेश अंगावर, प्रगतिपत्रक प्लॅस्टिकच्या पिशवीत. पोरगी मागे उभी.

"सर, घरी तर ही लय बोलते. तोंडाला दम नाय. पण तुम्ही लिवलंय म्हंजे पोरीच्या मनात काय तरी आसंल. मला कसं कळलं नाय, ह्याच विचारात चार दिवस जेवण गेलं नाय बघा."

माझे कान तापले. खरं सांगायला तोंड उघडलं, तर तेच पुढे बोलू लागले.

"सुपरवायझरच्या हातापाया पडलो नि सेकंड शिफ्ट सोडली. आता रोज संध्याकाळी बसतो हिच्याजवळ. काय विचारत नाय, नुसता बसतो. तुम्ही लिवलंय तसा. माझ्या पोरीकडं एवढं कोण बघतं, सर?"

आणि हा माणूस चक्क माझ्या पाया पडायला वाकला! मी त्यांचे खांदे धरले. "अहो दादा, असं नको," एवढंच बोललो. खरं बोलायला तेवढाही वेळ पुरला असता. नाही बोललो. आजही त्याची लाज वाटते.

ते गेटकडे निघाले. वैष्णवी दोन पावलं मागे फिरली आणि हळूच म्हणाली,

"सर, सगळ्या वर्गाला हेच आलंय. बाबांना मी सांगितलं नाय. तुम्ही पण नका सांगू हां."